मानाच्या आत्यानं 'नको' म्हटलं त्याची हकीकत

तीर्थस्वरूप वाइओलाताईस,

पांगाईहून लाविनियाचा नमस्कार. मंगळवारी तू बोटीच्या कचेरीत फोन केलास, तिथल्या कारकुनानं तो सवयीप्रमाणे सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला, आणि तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या अर्ध्या गावासमोर तुझा आवाज आला, "लाविनिया, माझी चटई कुठाय?" या प्रश्नाचं उत्तर रांगेत देण्यासारखं नव्हतं, म्हणून मी फोन बंद केला. तो आपोआप तुटला नव्हता. मीच बंद केला. हे पत्र लिहिणं त्यामुळे भाग पडलं.

तुझा गुडघा कसा आहे? ऑकलंडच्या थंडीत तो दुखणारच. मी तुला जायच्या आधी सांगितलं होतं, पण तेव्हा तुला नळाला येणाऱ्या गरम पाण्याचं वेड लागलं होतं. भावोजींची साखर ताब्यात आहे असं कळलं. आनंद झाला, विश्वास बसला नाही. देवाच्या कृपेनं तुम्ही सगळे खुशाल असा. मीही खुशाल आहे, फक्त डाव्या पायाच्या अंगठ्यावर डुक्कर उभं राहिलं होतं. ते कसं उभं राहिलं हे पुढे येईलच. मध्येच पान उलटून शेवट बघायची तुझी सवय मला माहीत आहे. या वेळी तसं करू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात तुला ती सोय नाही, हे फार बरं आहे.

आता सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे नंतर 'मला कुणी सांगितलंच नाही' म्हणायला नको. आपल्या भावाच्या मुलाचं, काटोआचं, लग्न ठरलं. थोरली म्हणून मानाची आत्या तू. पण गुडघ्यामुळे तुला येता येईना, तेव्हा तुझ्या जागी मी बसायचं ठरलं. इथवर सगळं रीतीप्रमाणे होतं. मग तुझा निरोप आला, की बाकी काय मिळेल ते मिळो, पण विहीणबाईंच्या घरातली लाल पिसांची चटई मिळाल्याशिवाय लाविनियानं मांडवातून उठू नये, कारण पुढच्या वर्षी आपल्या लेकीच्या लग्नात तुला ती सगळ्या चटयांच्या वर घालायची आहे. (हा निरोप तू लिहून न पाठवता सुट्टीला आलेल्या भाच्याच्या तोंडी पाठवलास. लिहायला तुझा हात धजला नाही, असं मी समजते.)

कारण ती चटई विहीणबाईंची नाहीच. अकानेसीविहीण नुसती तिच्यावरून झाडू फिरवते. चटई तिच्या आईची, तोकिलुपे म्हातारीची. म्हातारीच्या आईनं ती विणली, म्हातारीनं ती आयुष्यभर गादीखाली जपली, आणि 'मला पुरताना हिच्यात गुंडाळा' असं ती पांगाईतल्या प्रत्येक माणसाला, पाद्रीबुवांना आणि मासळीवाल्यालासुद्धा, सांगून बसली आहे. मानाच्या आत्यानं मागितली तर नाही म्हणायची सोय विहिणीला नाही. आणि थोरल्या बहिणीनं सांगितलं तर नाही म्हणायची सोय मला नाही. म्हणजे एका म्हातारीचं शेवटचं पांघरूण ओढून काढायचं, आणि ते माझ्या हातानं. मी इतकी वर्षं मुलींची शाळा चालवली. भांडण आलं की दोन्ही बाजूंना वर्गाबाहेर उभं करायचं, हा माझा नेम. इथं दुसरी बाजू ऑकलंडला.

बराच विचार करून मी तोड काढली. आत्यानं काहीच घ्यायचं नाही. एक चटई आणि एक हात झाडाच्या सालीचं कापड, शकुनापुरतं, बस. मग लाल पिसांची चटई घेतली नाही याचं कुणाला वेगळं वाटणार नाही, तुझा शब्द मोडला असंही होणार नाही (तू 'बाकी काय मिळेल ते मिळो' म्हणाली होतीस, आणि मिळेल ते शून्यही असू शकतं), आणि गावाला एक धडाही मिळेल. लग्नात घरंच्या घरं रिकामी करून चटया वाटायच्या आणि मग वर्षभर परदेशातल्या मुलांकडून येणाऱ्या सामानाच्या पिंपांची वाट बघत बसायचं, हे बंद व्हावं असं मला फार वर्षांपासून वाटतं. सुव्हाच्या कॉलेजात याच विषयावर माझा निबंध पहिला आला होता. तपासणारे गृहस्थ परके होते आणि अविवाहित होते, याचं महत्त्व तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात बायका चर्चमागच्या पडवीत लांब ओंडक्यांपाशी बसून कापडासाठी साल कुटत होत्या. मी तिथं जाऊन उभी राहिले आणि शाळेतल्या आवाजात जाहीर केलं, की या लग्नात मानाची आत्या एकच चटई घेणार, तेव्हा कुणी जिवाचे हाल करू नयेत. सगळ्या मोगऱ्या थांबल्या. पांगाईत दिवसाउजेडी सगळ्या मोगऱ्या एकदम थांबलेल्या मी फक्त वादळाची सूचना आली तेव्हा ऐकल्या आहेत. मग कोपऱ्यातून एकीनं हळूच विचारलं, "बाईंची तब्येत बरी आहे ना?" दुसरी म्हणाली, "एकच म्हणजे किती मोठी?" मी म्हटलं, साधी. त्यावर अकानेसीविहिणीनं माझ्याकडे पाहिलं, मान लववली, आणि मोगरी उचलून इतक्या जोरात हाणली की शेजारच्या बाईच्या मांडीवरचं बाळ जागं झालं. मी समाधानानं घरी आले. मला वाटलं, तिला सुटल्यासारखं झालं असणार.

ताई, तुला म्हणून सांगते, त्या आठवड्यात मोगऱ्या पहाटेपासून दिवे लागेपर्यंत थांबल्या नाहीत. माझं घर विहिणीच्या कुंपणाला लागून. कपातला चहा ठोक्यागणिक हलायचा.

लग्न छान झालं. काटोआला इतक्या चटया गुंडाळल्या होत्या की तो वेदीपर्यंत चालत न जाता घरंगळत गेला. नवरी एलेनोआ गोड मुलगी आहे, मला घाबरते, तेव्हा संसार नीट करील. चर्चबाहेर बँड वाजला, मग सगळे मैदानावर जमले, मला फुलांच्या माळा घालून पुढे बसवलं, आणि विहिणीकडचा भेटवस्तूंचा तांडा आला. सालीचं कापड इतकं लांब की ते दोन्ही काठांनी धरून चालणाऱ्या बायकांपैकी पहिल्या माझ्यापाशी पोचल्या तेव्हा शेवटच्या अजून त्यांच्या फाटकातून निघत होत्या. त्यामागे चटया, त्यामागे गोधड्या, त्यामागे सुगंधी तेलाच्या बाटल्या, आणि शेवटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली दोघांच्या झोपेची गादी चौघांच्या डोक्यावर. त्यांच्या बाजूनं बोलणारा मानकरी उभा राहिला. (हा माझ्याच शाळेतल्या स्वयंपाकिणीचा मुलगा. लहानपणी याचं तोंड उघडायला चमचा लागायचा.) त्यानं रीतीप्रमाणे हात जोडले आणि सांगितलं, "आत्याबाई, आमची ऐपत नाही. ही चिंधी आणली आहे, हे फाटकं गोणपाट आणलं आहे, पोरीच्या आईची बोटं वाकडी, तिला विणता येत नाही. लाज वाटते, पण गोड मानून घ्या."

आता इथं आत्यानं काय म्हणायचं ते पांगाईतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. 'असं काम राजवाड्यातही नसेल, आमची लायकी नाही' असं म्हणून डोळे टिपायचे. मी उभी राहिले. मी स्पष्ट, शांत आवाजात म्हटलं, "तुमचं बरोबर आहे. याची काही गरज नाही. हे घरी न्या."

बँडवाल्यांनी तुताऱ्या खाली घेतल्या. मांडवाच्या मागून आपल्या भावाचा आवाज आला. तुला माहीतच आहे, बहीण बसली आहे तिथं भाऊ येत नाही, आणि आमचा सियोसाइआ तर रीत इतकी पाळतो की माझी सावली दिसली तरी रस्ता बदलतो. तो मांडवाच्या कापडापलीकडून बायकोला सांगत होता, "सेलू, तिला विचार, ती काय बोलली ते तिला कळलं का." सेलूवहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वन्सं, ते विचारतात, तुम्ही काय बोललात ते तुम्हाला कळलं का." मी म्हटलं, कळलं. कापडापलीकडून उत्तर आलं, "मग आता देवच आहे."

आणि विहीणबाई? रडली नाही, भांडली नाही. पदर कमरेला गुंडाळलेल्या चटईत खोचला (म्हणजे आपल्याकडे जे काही खोचतात ते), बायकांना नजरेनं बोलावलं आणि घरी गेली. मला वाटलं, संपलं. तासाभरानं तोच तांडा परत आला, वर घरातल्या खिडक्यांचे पडदे. मानकरी आता घामाघूम झाला होता. तो म्हणाला, "आत्याबाई, मघाशी चूक झाली. आणखी थोडी चिंधी सापडली आहे." मी पुन्हा नको म्हटलं, या वेळी हसून. ताई, माझं हसणं लोकांना कसं दिसतं हे तू मला कधीच का सांगितलं नाहीस? सेलूवहिनी नंतर म्हणाली, "वन्सं, परीक्षेचा निकाल सांगताना तुम्ही असंच हसायचा, आणि मग नापास झालेल्यांची नावं वाचायचा."

म्हणजे गावानं माझ्या 'नको'चा अर्थ काय लावला, तर आत्याबाईंना कमी पडलं. मी तीन दिवस एकेकाला समजावून सांगितलं. दुकानदाराला सांगितलं, त्यानं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि विहिणीला साखरेचं पोतं उधार दिलं. पाद्रीबुवांना सांगितलं, ते म्हणाले, "लाविनिया, मी तुमच्या भावना त्यांच्यापर्यंत पोचवतो," आणि त्यांनी काय पोचवलं देव जाणे, पण संध्याकाळी कोनफळांच्या टोपल्या भरभरून लादलेला ट्रॅक्टर माझ्या दारात. कोनफळं उतरवणाऱ्याला मी म्हटलं, बाबा रे, परत ने. तो म्हणाला, "बाई, नेली असती, पण विहीणबाई म्हणाल्या, परत आणलीस तर डुकरं पाठवीन. आमच्याकडे डुकरं धरायला माणसं नाहीत." मी ती परत पाठवली. डुकरं आली.

डुकरांबद्दल जास्त लिहीत नाही. त्यांना माझ्या जास्वंदीला बांधलं. शनिवारी सकाळपर्यंत जास्वंद नव्हती आणि डुकरं मोकळी होती. त्यातल्या मोठ्यानं, ज्याला बहुधा मुलींच्या शाळेचा अनुभव नव्हता, मी 'बाजूला हो' म्हटल्यावर माझ्या अंगठ्यावर पाय दिला आणि शांतपणे माझ्याकडे पाहत राहिलं. त्यानंतर घोडा आला. त्यानंतर मासे ठेवायची मोठी फ्रीजपेटी आली, आणि तिच्यामागे विहिणीचा दीर धावत आला, कारण पेटीत त्याचे मासे होते आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो पेटीवर बसला आणि म्हणाला, "आत्याबाई, पेटी घ्या, मान घ्या, पण मला ट्यूना काढू द्या." मी म्हटलं, पेटीही ने. तो पांढराफटक पडला. "म्हणजे ट्यूनापण कमी पडला?"

दाराशी गाद्यांचा ढीग लागल्यामुळे मी खिडकीतून ये-जा करत होते. एकदा तशी अर्धी बाहेर, अर्धी आत असताना सियोसाइआ रस्त्यानं आला. रीतीप्रमाणे त्यानं पाठ फिरवली आणि नारळाच्या झाडाला उद्देशून म्हणाला, "काही लोकांनी एक चटई घेतली असती, तर काही लोकांच्या सुनेच्या आईला स्वतःचा पलंग द्यावा लागला नसता." मी खिडकीतून त्याच झाडाला म्हटलं, "काही लोकांना काही कळत नाही." झाड बिचारं दोघांचंही ऐकून घेत होतं.

पण ताई, त्याचं बोलणं मला लागलं. कुंपणापलीकडे विहिणीचं घर दिसत होतं. पडदे नाहीत, पलंग नाही, ओट्यावर भांडी नाहीत. आणि आता त्या घरात देण्यासारखी एकच गोष्ट उरली होती. जी न घेण्यासाठी मी हे सगळं नको म्हणत होते, तिच्याकडे मी विहिणीला एकेक पाऊल हाकलत नेलं होतं. कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही.

रविवार उजाडला. आपल्या हापाई बेटांवरचा रविवार तू विसरली असशील. मोगरी नाही, ट्रॅक्टर नाही, पोहणं नाही, दुकानाचं दार किलकिलंही नाही. लग्नानंतरचा पहिला रविवार म्हणून नवरानवरी चर्चला, आणि दुपारी सियोसाइआकडे मांडवात जेवण. पाद्रीबुवांनी गर्वावर प्रवचन केलं आणि संपूर्ण वेळ छताकडे पाहिलं, म्हणजे ते माझ्यावर होतं. (घंटेच्या दोरीला वाळवी लागली आहे, हे त्यांना छताकडे पाहूनही दिसलं नाही.) जेवायला बसलो. भट्टीतून काढलेल्या डुकराच्या पाठीचा मानाचा तुकडा माझ्या पुढ्यात ठेवला. मी तो नको म्हणायला तोंड उघडलं आणि सेलूवहिनीनं माझा हात इतका घट्ट धरला की मी तो तुकडा घेतला.

तेवढ्यात फाटकातून विहीण आली. अंगावर सगळ्यांत जुने कपडे, कमरेला सगळ्यांत झिजलेली चटई. चालत होती ती अशी, की जेवणारे आपोआप उठून उभे राहिले. आणि तिच्या दोन्ही हातांवर, घडी केलेली, काठाला लाल पिसं लावलेली, ती. इतकी मऊ की वाऱ्यावर तिचं टोक हलत होतं. तिच्यामागून काटोआ ढकलगाडा ढकलत येत होता, विटा-वाळू नेतात तसला, आणि त्यात उशा घालून, त्यावर तोकिलुपे म्हातारी बसवली होती, डोक्यावर काळी छत्री धरून. विहिणीबरोबर मानकरी नव्हता. तिनं स्वतःच चटई माझ्या मांडीवर ठेवली आणि खाली बसून म्हणाली, "बाई, आता माझ्या घरात काही नाही. ही फाटकी आहे, पण हिच्यानंतर मला मागू नका."

मी म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी डुकराकडे पाहत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लाविनिया, तू लहानपणी आंबा घेतानाही असंच करायचीस. नको नको म्हणून अख्ख्या करंडीला हात लावायचीस. आता बोल काहीतरी. मला भूक लागली आहे."

नको म्हणावं, तर ही बाई घराचे पत्रे काढून आणणार. हो म्हणावं, तर म्हातारीला ऑकलंडच्या लग्नाखातर उघडं पुरायचं. ताई, मी आयुष्यात पहिल्यांदा रीतीला शरण गेले. मी उभी राहिले आणि आईनं शिकवलं होतं तसं, एकही शब्द न गाळता, सगळं म्हटलं. असं काम राजवाड्यात नाही. हिची बोटं सोन्याची. आमच्या भावाच्या घराला हा मान झेपणार नाही. आम्ही ही कुठल्या हातांनी घ्यायची. डोळे टिपायचे तिथं टिपायला पदर वर नेला, आणि सांगायला हरकत नाही, तो ओला झाला. धुरामुळे. विहीण माझ्याकडे बघत राहिली. तिचे खांदे खाली आले. मग ती इतक्या मोठ्यानं रडली की घोडा दोर तोडून गेला. (तो सापडला आहे. चर्चच्या मागे होता.)

चटई घेतली. म्हणजे ती आपली झाली. आणि आत्याच्या वस्तूचं आत्या काय करते, हे विचारायचा अधिकार पृथ्वीतलावर कुणाला नाही. हेही त्याच रीतीत आहे, ते मी निबंधात लिहायला विसरले होते. मी तिथल्या तिथं काटोआला बोलावलं. भाच्यानं आत्याचं ऐकायचं असतं, मध्ये कुणी बोलायचं नसतं. म्हटलं, "ही चटई माझ्या घरी ठेवता येणार नाही. माझ्याकडे उंदीर आहेत आणि तुझ्या सासूबाईंच्या कृपेनं जागा नाही. अशी चटई पेटीत ठेवली तर तडकते. तिच्यावर रोज कुणीतरी झोपायला हवं, जड नको, हलकंही नको. तुझ्या आजेसासूबाईंचं वजन बरोबर आहे. नेऊन त्यांच्या गादीखाली घाल. आजपासून त्या आमच्याकरता तिच्यावर झोपतील."

ढकलगाड्यातून म्हातारीनं विचारलं, "किती दिवस झोपायचं?"

मी म्हटलं, "जमेल तितके."

"आणि जमेनासं झालं की?"

"मग आम्ही सासरचे लोक तुमच्या मयताला येणारच. मोकळ्या हातानं येणार नाही. घरातली सगळ्यांत चांगली चटई आणू."

म्हातारीनं थोडा विचार केला. ती आपल्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी हुशार आहे. मग म्हणाली, "तर मी मरायची घाई करत नाही. त्या पाठीच्या तुकड्यातला अर्धा इकडे दे." आणि मांडवाच्या कापडापलीकडून आपला भाऊ बायकोला म्हणाला, "सेलू, तिला सांग, आता कळलं म्हणावं."

तर ताई, तुझी चटई कुठे आहे ते हे असं आहे. ती तुझीच आहे. माझी नाही, कारण मी तुझ्या जागी बसले होते. म्हातारी जाईल तेव्हा ती तुझ्या नावानं तिच्या अंगावर घातली जाईल, मानकरी तुझं नाव घेईल, आणि सगळं हापाई म्हणेल, वाइओलानं इतकी मोठी वस्तू दिली. लेकीच्या लग्नात ती वर घालून जो मान मिळाला असता त्याच्या दुप्पट हा. राग आला असेल तर पत्र बाजूला ठेव, भावोजींना चहा करून दे, आणि मग पुन्हा वाच.

कळावे. लोभ आहेच, तो असू दे.

तुझी धाकटी,
लाविनिया

ता. क. आता खरं काम. विहीणबाईंना फोन कर. बोटीच्या कचेरीत नको, त्यांच्या घरच्या फोनवर. चटईबद्दल आभार मान, पूर्ण रीतीनं, एकही शब्द न गाळता, आणि शेवटी थोडी रड. सोमवारी त्यांनी कुंपणावरून मला विचारलं, "थोरल्या बाईंचा काही निरोप नाही?" मी म्हटलं, अजून नाही. त्या हसल्या, पण मान खाली घालून. तुझा फोन आला नाही तर त्या समजतील की तुलाही कमी पडलं, आणि मग ती पेटी पुन्हा येईल, तिच्यामागे तो दीर येईल, आणि मी त्याला तोंड द्यायला समर्थ नाही. आणि चटई मागू नकोस. कधीच. हे मी धाकटी म्हणून सांगत नाही, तुझ्या जागी बसलेली आत्या म्हणून सांगते, आणि तिला कुणी विचारायचं नसतं.

ता. क. दुसरा. वर मी खर्चाबद्दल आणि निबंधाबद्दल जे लिहिलं आहे ते गावातल्या कुणाला फोनवर वाचून दाखवू नकोस. इतकं घेतल्यावर परत काही द्यायला हवं, त्याशिवाय एलेनोआच्या पहिल्या बाळाच्या वेळी आपण तोंड कसं दाखवणार. (बाळाची अजून काही बातमी नाही, पण तयारी आधी लागते.) तेव्हा मंगळवारपासून मी चर्चमागच्या पडवीत विहिणीशेजारी साल कुटायला बसते. माझा ठोका सरळ पडतो असं बायका म्हणतात. विहीण म्हणते, जरा जास्तच सरळ पडतो. पलंग आणि पडदे 'तुमच्याकडे सांभाळायला ठेवा' म्हणून कुंपणावरून परत दिले, ते त्यांनी लगेच घेतले. तुझ्याकडून पिंप कधी निघतं ते कळव, आणि त्यात चांगली जाड ब्लँकेटं घाल. पातळ निघाली तर आपलीच शोभा होईल.

बोटीवर दिलेल्या सामानाची नोंद. बुधवारी सकाळी, धक्क्यावर, बोटीवरच्या सामान बघणाऱ्या माणसाच्या हाती, माझ्यासमोर दोरीनं बांधून दिलं. लग्नाच्या केकचा मधला मजला, बिस्किटांच्या डब्यात. वरचा पाद्रीबुवांना गेला, खालच्याला मुंग्या लागल्या. सालीचं कापड, तुझ्या बैठकीच्या एका भिंतीपुरतं. मोजून कापलं आहे, कमी पडलं म्हणायचं नाही. सुगंधी तेलाच्या बाटल्या, बुचांना फडकं बांधून, गुडघ्यासाठी. प्यायच्या नाहीत, हे भावोजींना सांगावं. डुक्कर नाही, कारण तुमच्या विमानतळावर ते काढून घेतात. तुझा वाटा मी खाल्ला, चांगला होता. आणि तोकिलुपे म्हातारीकडून, खरवडून, समुद्रात भिजवून, उन्हात पांढऱ्या केलेल्या केवड्याच्या पातींचा एक मोठा भेंडोळा. चटई तुला कशासाठी हवी होती आणि मी ती का नेली नाही हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलंही नाही. बोट सुटायच्या आधी तिनं ढकलगाड्यातून तो स्वतः माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, की थोरलीला सांग, लेकीच्या लग्नाला अजून वर्ष आहे, पाती एका चटईपुरत्या आहेत, आणि दुखतो तो गुडघा आहे, बोटं नव्हेत.